मांडवगड कसा पाहावा?

इंदुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे देशावरून पाहुणे आले म्हणजे त्यांस दाखवावयाची ठिकाणे जणू ठरलेलीच असतात : उज्जैन, महेश्वर आणि मांडवगड. पहिल्या दोन ठिकाणी काय पाहावयाचे हे पाहुण्यांस सांगावे लागत नाही. महाकाल आणि अहल्याबाईंचा घाट ते मनात घेऊनच आलेले असतात. मांडवगडाची गोष्ट वेगळी. तेथे मंडळी बहुधा श्रावण-भाद्रपदात जातात. गडावर धुके उतरलेले असते, दऱ्यांतून पाणी कोसळत असते. जहाजमहालाच्या गच्चीवर फोटो निघतात, रूपमतीच्या मंडपातून नर्मदा दिसते की नाही यावर थोडा वाद होतो, वाटेत भाजलेली कणसे खाल्ली जातात आणि दिवेलागणीच्या सुमारास गाडी परत फिरते. घरी आल्यावर ध्यानात राहते ती बाजबहादूर-रूपमतीची कथा आणि पाण्यात तरंगणारा महाल.

यात गैर काही नाही. पण पाहिले ते अर्धेच. आमची सूचना अशी आहे की, मांडवगड एकदा तरी चैत्र-वैशाखात पाहावा. तलाव तळास गेलेले असतात, झाडे निष्पर्ण होऊन काळा दगड उघडा पडलेला असतो आणि सकाळी दहाच्या पुढे उन्हात उभे राहवत नाही. अशा वेळी एक प्रश्न आपोआप सुचतो, जो पावसाळ्यात कोणासही सुचत नाही. ह्या डोंगरावर बारमाही नदी नाही. मग सुमारे दीडशे वर्षे येथे एका मोठ्या राज्याची राजधानी नांदली, ती काय पिऊन नांदली?

हा प्रश्न हाती घेतला की, गडावरील इमारती निराळ्या दिसू लागतात. विद्यार्थ्यांस गडावर नेणाऱ्या शिक्षकांस व आईबापांस उपयोगी पडावे म्हणून ह्याच प्रश्नाच्या अनुरोधाने मांडवगड कसा पाहता येईल ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम जागा समजून घ्यावी. इंदुराहून धारमार्गे मांडवगड सुमारे १०० किलोमीटर आहे. त्यातील धारच्या पुढचा टप्पा पस्तीसेक किलोमीटरांचा. माळव्याचे पठार दक्षिणेकडे चालत जाऊन विंध्याच्या कड्यावर एकदम संपते आणि खाली निमाडचा सखल मुलूख लागतो. त्या कड्याचाच एक तुकडा, मधल्या खोल दरीमुळे पठारापासून जवळजवळ सुटा झालेला, तो हा गड. ह्या दरीस काकडाखोह म्हणतात. उत्तरेकडून एका अरुंद मानेवरून रस्ता आत शिरतो व एकामागून एक दरवाजे ओलांडीत वर जातो. समुद्रसपाटीपासून उंची ६३३ मीटरांच्या आसपास आहे. दक्षिणेकडील कडा तीनशे मीटरांहून अधिक खोल तुटलेला आहे.

दगड आपल्या ओळखीचाच आहे. सह्याद्री ज्या काळ्या बसाल्टाचा झाला आहे त्याच खडकाचे थर येथवर पसरलेले आहेत. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. माथा उतरता असल्यामुळे पाणी पाहता पाहता दऱ्यांत निघून जाते. महाराष्ट्रातील गडकिल्ल्यांवर ह्याला उपाय म्हणून खडकात टाकी खोदलेली आपण पाहतो. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी किंवा रायगडावरील गंगासागर आठवावा. मांडवगडावरील कारागिरांनीही तोच प्रश्न सोडविला. फरक एवढाच की, त्यांस शे-पाचशे शिबंदीची नव्हे, तर दरबार, बाजार, सैन्य, घोडे व हत्ती यांसह अख्ख्या शहराची तहान भागवावयाची होती.

गड चढताना रस्त्याच्या कडेस बाटलीसारख्या फुगीर बुंध्याची अवाढव्य झाडे दिसतील. ती गोरखचिंच. येथील लोक तिला खुरासानी इमली म्हणतात आणि तिची मखमली कवचाची लांबट फळे रस्त्यावर विकावयास ठेवतात. हे झाड मूळचे आफ्रिकेतील. मध्ययुगात व्यापाऱ्यांबरोबर किंवा हबशी शिपायांबरोबर ते इकडे आले असावे. त्याच्या भुसभुशीत बुंध्यात पाणी साठून राहते, म्हणून वर्षातील बरेच महिने कोरडे काढूनही ते शेकडो वर्षे जगते. गडाचा पहिला धडा दरवाजाबाहेरच मिळतो, तो असा.

मांडवगड म्हटले की मुसलमानी इमारती डोळ्यांपुढे येतात, म्हणून पुष्कळांस वाटते की, हे शहर सुलतानांनी वसविले. वस्तुतः त्याची मुळे फार खोल आहेत. तालनपूर येथे सापडलेल्या विक्रम संवत् ६१२ च्या, म्हणजे इ. स. ५५५ च्या लेखात चंद्रसिंह नावाच्या व्यापाऱ्याने मंडपदुर्गातील पार्श्वनाथाच्या मंदिरात मूर्ती बसविल्याचा उल्लेख आहे. म्हणजे सहाव्या शतकात येथे नुसता दुर्गच नव्हे, तर देवळे बांधण्याइतके सधन व्यापारीही होते. पुढे कनौजच्या प्रतिहारांच्या इ. स. ९४६ च्या प्रतापगड लेखात मंडपिका हे त्यांचे सरहद्दीवरील ठाणे म्हणून येते. मंडपदुर्ग, मंडपिका, मांडव, मांडू अशी ही नावाची परंपरा आहे. आपण मराठी माणसे ‘मांडवगड’ म्हणतो त्यात मूळचा मंडप अजून शाबूत आहे, याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटते.

त्यानंतरचे राजे धारचे परमार. मुंज आणि भोज यांची राजधानी खाली धारेस होती; गडावरील मुंज तलाव मुंजाच्या नावावर सांगितला जातो. तेराव्या शतकात दिल्लीच्या फौजा माळव्यात उतरू लागल्या तसे परमारांस उघड्या मैदानावरील धारेपेक्षा डोंगर जवळचा वाटू लागला. दुसऱ्या जयवर्म्याचा इ. स. १२६१ चा ताम्रपट मंडपदुर्गाहूनच दिलेला आहे. तरी १३०५ साली अलाउद्दीन खलजीचा सरदार ऐन-उल-मुल्क मुलतानी याने गड घेतला आणि परमारांचा शेवटचा राजा महलकदेव मारला गेला. ह्या जुन्या मांडवगडाच्या इमारती आज उभ्या नाहीत. पण तिचे खांब आणि शिळा आहेत. दिलावरखानाच्या मशिदीत शिरून खांबांवरील कोरीवकाम पाहावे. देवळांचे दगड तेथे दुसऱ्यांदा कामास लागलेले आहेत.

आता राजधानीची हकीकत. १३९८ साली तैमूरने दिल्ली लुटली आणि दिल्लीचा सुलतान महमूद तुघलक परागंदा होऊन फिरत फिरत धारेस आला. माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरी याने त्याचे आदरातिथ्य केले. ते त्याचा मुलगा अल्पखान यास रुचले नाही. तो रुसून मांडवगडावर जाऊन राहिला व तेथील तटबंदी मजबूत करण्यात त्याने वेळ घालविला. पुढे १४०१ साली बाप स्वतंत्र झाला आणि १४०६ साली हाच मुलगा होशंगशाह म्हणून गादीवर येताच राजधानी धारेहून गडावर गेली. एका मुलाच्या रुसव्यातून माळव्याची राजधानी हलली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही! सुलतानांनी शहरास नाव दिले शादियाबाद, म्हणजे आनंदनगर.

पुढील सुलतानांची सनावळी आम्ही येथे देत नाही. एवढे लक्षात असावे की, होशंगानंतर १४३६ मध्ये महमूद खलजीने गादी बळकावली आणि तेहेतीस वर्षे सतत लढाया करीत राज्य वाढविले. जामी मशीद १४५४ मध्ये त्यानेच पुरी केली. मेवाडच्या राणा कुंभावरील विजयाची खूण म्हणून त्याने मशिदीसमोर सात मजल्यांचा मनोरा बांधला. त्याच सुमारास राणा कुंभानेही चितोडास आपला विजयस्तंभ उभारला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. चितोडचा स्तंभ उभा आहे, मांडवगडाचा कोसळून जोते तेवढे राहिले आहे. महमूदाचा मुलगा गियासशाह याने मात्र बापाच्या तलवारीस तलवार न जोडता एकतीस वर्षे ऐषआरामात काढली. त्याच्यासाठी लिहिले गेलेले ‘निमतनामा’ हे सचित्र पाकशास्त्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि त्याच शतकात, १४३९ साली, ह्याच गडावर जैन कल्पसूत्राची एक सुंदर सचित्र पोथी तयार झाली. ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सहाव्या शतकातील चंद्रसिंहाचे जातभाई पंधराव्या शतकातही येथे पेढ्या घालून होते, हे त्यावरून दिसते.

पाण्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. ह्या बाबतीत १६१७ ह्या एकाच वर्षातील दोन साक्षी आपणांस उपलब्ध आहेत, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

त्या वर्षी मार्च महिन्यात बादशहा जहांगीर मांडवगडावर आला. शाहजादा खुर्रम बऱ्हाणपुरास बसून अहमदनगरच्या मलिक अंबरावर मोहीम चालवीत होता आणि बादशहास त्याच्या पाठीशी जवळ राहावयाचे होते. बादशहाच्या येण्यापूर्वी जुन्या सुलतानांचे पडके वाडे दुरुस्त करण्यात आले. त्यासाठी तीन लाख रुपये लागल्याचे त्याने स्वतःच नमूद केले आहे. त्याच्या छावणीमागून इंग्रजांचा वकील सर टॉमस रो हाही गडावर पोहोचला. त्यास एका ओसाड जुन्या इमारतीच्या आवारात जागा मिळाली.

रोच्या रोजनिशीतील मांडवगड म्हणजे तहानेचा गड आहे. बादशाही छावणीची हजारो माणसे व जनावरे एकदम वर आलेली, उन्हाळा तोंडावर, बहुतेक जुने तलाव-विहिरी निकामी झालेल्या. चालू विहिरींवर बड्या सरदारांचे पहारे बसलेले. एका सरदाराच्या मेहेरबानीने रोच्या वाट्यास रोजचे मोजके पाणी आले, आणि त्यावर त्याने आपल्या माणसांचा निभाव लावला. गोरगरिबांचे काय झाले असेल ते सांगावयास नको. त्यातच रात्री हिंस्र श्वापदांचा उपद्रव. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने लिहून ठेविले आहे की, एके रात्री सिंह आवारात शिरला व एक मेंढी आणि वकिलाचा लहानसा कुत्रा त्याने नेला. त्याच दिवसांत नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याची नोंद जहांगीराच्या आत्मचरित्रात आहे. नूरजहानच्या नेमाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण राजधानी उठून जेमतेम छप्पन्न वर्षे झाली होती आणि तेवढ्यात शहरात वाघ-सिंह फिरू लागले होते, हेही त्यावरून कळते.

मग पाऊस आला. जहांगीराच्या लेखणीस बहर आला तो तेव्हा. पावसाळ्यातील मांडवगडासारखी हवा आणि शोभा आपण दुसरीकडे पाहिली नाही, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. शबे-बरातीच्या रात्री तलावांच्या मधोमध असलेल्या एका महालात मेजवानी झाली. काठाकाठाने दिवे लावले होते आणि त्यांची प्रतिबिंबे पाण्यात पडून सारे पाणीच पेटल्यासारखे दिसत होते. तो महाल म्हणजे जहाजमहालच असावा असे पुष्कळांस वाटते. ऑक्टोबरात खुर्रम विजयी होऊन परत आला तेव्हा त्यास शाहजहान ही पदवी मिळाली, तीही ह्याच गडावर. त्याच महिन्यात बादशहाने गड सोडला. पुढचा उन्हाळा त्याने येथे काढला नाही.

आपण श्रावणात मांडवगडावर जातो तेव्हा जहांगीराचा मांडवगड पाहून येतो. रोचा मांडवगड पाहिल्यावाचून होशंगाच्या व गियासशाहाच्या गवंड्यांची योग्यता कळत नाही. १६१७ साली जे पाणी बादशहाच्या छावणीस पुरले नाही ते दीड शतक साऱ्या राजधानीस पुरत होते. मधल्या काळात पाऊस कमी झाला नव्हता. तलावांतील गाळ काढणारे, पन्हळी साफ ठेवणारे हात गेले होते.

आता प्रत्यक्ष जागेवर काय पाहावे ते सांगतो. सुरुवात जहाजमहालापासूनच करावी. ही सुमारे १२० मीटर लांब व त्या मानाने अगदी अरुंद इमारत पश्चिमेकडील मुंज तलाव आणि पूर्वेकडील कपूर तलाव ह्यांमधील बांधावर उभी आहे. म्हणून ती जहाजासारखी दिसते, एवढे सर्वजण सांगतात. विद्यार्थ्यांस मात्र गच्चीवर नेऊन विचारावे की, एवढ्या मोठ्या गच्चीवर पडलेला पाऊस कोठे जातो? मग ते उतार शोधू लागतील, भिंतीतील पन्हळी शोधू लागतील, आणि गच्चीवरील तो नागमोडी, वेटोळ्यांचा चर त्यांच्या दृष्टीस पडेल. पाणी सरळ हौदात न सोडता ह्या वेटोळ्यांतून फिरवीत नेले म्हणजे त्याचा वेग मंदावतो आणि गाळ-कचरा वाटेत खाली बसतो. शिवाय पाणी खेळताना पाहण्याचे सुखही मिळते. कामाची वस्तू सुंदर असावी, हा त्या लोकांचा बाणा होता. इमारतीच्या उत्तर टोकास खाली एक सुरेख हौद आहे. तीन बाजूंनी कमानींची ओवरी आणि पाण्यात उतरण्यास पायऱ्या. वर गच्चीवरही तसाच एक हौद आहे. ह्याच्यात पाणी कसे चढविले असेल, हा दुसरा प्रश्न. रहाट आणि बैल यांवाचून ते शक्य नव्हते. म्हणजे वर बेगमांची जलक्रीडा चालू असता खाली कोणीतरी बैल हाकीत होता.

तेथून जवळच हिंडोलामहाल आहे. त्याच्या भिंती बाहेरच्या बाजूस इतक्या तिरप्या आहेत की, इमारत झोका घेत असल्याचा भास होतो. तो पाहून लगेच चंपा बावडीकडे वळावे, कारण आमच्या मते राजवाड्याच्या आवारातील सर्वांत शहाणपणाची रचना तीच आहे. वरून पाहिले तर ती विहीर. चाफ्याच्या फुलासारखा आकार म्हणून चंपा. पण विहिरीच्या पाण्याच्या अंगास तळघरातील खोल्या जोडलेल्या आहेत. पाण्यावरून येणारा गारवा त्या खोल्यांत शिरतो, वैशाखातील दुपार तेथे सुसह्य होते. शेजारीच हमामखाना असून त्याच्या घुमटास चांदण्यांच्या आकाराची छिद्रे आहेत. त्यांतून उजेड येतो व वाफ बाहेर जाते. एकाच विहिरीचे पाणी पिण्यास, न्हाण्यास आणि हवा थंड करण्यास असे तिहेरी उपयोगी पडत होते. पुढे गदाशाहाच्या दुकानाच्या बाजूस आणखी दोन बावड्या आहेत. एक उघडी, ती उजाली. दुसरी वरून झाकलेली, ती अंधेरी. झाकलेल्या विहिरीचे पाणी उन्हाने कमी उडते, हे कोणासही समजण्यासारखे आहे. उन्हाळ्यात दोन्हींत डोकावून पाहावे. मुलांनी मात्र मोठ्यांचा हात धरूनच पाहावे, काठ उघडे आहेत.

गावाच्या मध्यभागी जामी मशिदीमागे होशंगशाहाची कबर आहे. भारतात संगमरवरी घुमटाची अशी कबर इतक्या आधी क्वचितच दिसते. तिच्या दरवाजाच्या चौकटीवर १६५९ सालचा एक लेख आहे. शाहजहानच्या पदरचे चार वास्तुविशारद येथे येऊन गेल्याची त्यात नोंद आहे. त्यांतील एक लुत्फुल्ला, उस्ताद अहमदाचा मुलगा. दुसऱ्या दोघांची नावे जादूराय आणि शिवराम अशी आहेत. वाटाडे हा लेख दाखवून छातीठोकपणे सांगतात की, ताजमहाल बांधण्यापूर्वी नमुना पाहण्यास ही मंडळी आली होती. ऐकणाऱ्यानेही मान डोलवावी, पण मनात सन मोजून घ्यावा. १६५९ साली ताजमहालाची मुख्य इमारत पुरी होऊन दहा वर्षे उलटली होती. ते चौघे नक्कल करण्यास नव्हे, तर आपल्या विद्येतील एका पूर्वसूरीस वंदन करण्यास आले होते, आणि ही गोष्ट दंतकथेहून कमी सुंदर आहे असे आम्हांस वाटत नाही.

गावातून दक्षिणेस निघाले की सागर तलाव लागतो. त्याच्या परिसरातील मलिक मुघीसची मशीद १४३२ ची आहे. वेळ असल्यास पाहावी, नसल्यास सरळ रेवाकुंडावर जावे.

रेवाकुंडाविषयी कथा अशी की, रूपमतीस नर्मदेच्या दर्शनावाचून अन्न गोड लागेना, तेव्हा नर्मदाच झरा होऊन येथे प्रकट झाली. नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू आजही मुद्दाम वाट वाकडी करून ह्या कुंडावर येतात, त्यांत मराठी परिक्रमावासीही असतात. कुंडाचे दर्शन घेतल्यावर त्याच्या उत्तर टोकाकडे लक्ष द्यावे. तेथे पाणी वर उपसण्याची सोय केलेली होती आणि उचललेले पाणी उंच पाटाने शेजारच्या महालात नेले जाई. त्या महालास सर्वजण बाजबहादुराचा महाल म्हणतात. परंतु तेथील लेखाप्रमाणे तो नासिरशाह खलजीने १५०८-०९ मध्ये बांधिला. बाजबहादूर गादीवर आला तो १५५५ साली. तेव्हा हा महाल त्याने बांधलेला नव्हे, त्यास आवडलेला एवढेच. आणि तो त्यास का आवडला असेल, हे कुंडातील पाण्याकडे पाहून समजते.

डोंगराच्या अगदी काठावरील रूपमतीचा मंडप हीदेखील मुळात पहाऱ्याची चौकी होय. नर्मदेपलीकडून कोणी चढून येतो काय, हे पाहण्यास याहून चांगली जागा नाही. वरच्या छत्र्या मागाहूनच्या आहेत. चौकीवरच्या शिपायांस पाणी कोठून मिळत होते? ज्या जोत्यावर आपण उभे राहतो त्याच्या पोटात कमानी घातलेला हौद आहे, आणि गच्चीवरील पावसाचे पाणी गाळून त्यात उतरावे अशी तजवीज आहे. रूपमती येथे येऊन नर्मदा पाहत असेल, आम्ही ती कथा मोडू इच्छीत नाही. ती सारंगपूरची राहणारी होती आणि १५६१ साली अधमखानाने बाजबहादुराचा पराभव केला तोही सारंगपुराजवळ. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तिने विष घेतले. तिचा शेवट मांडवगडावर झाला नाही, एवढे मात्र पाहुण्यांस सांगावे.

एवढा बेलाग दिसणारा गड शत्रूच्या हाती पुनःपुन्हा कसा गेला, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर तटाकडे बोट दाखवून देता येते. तटाची लांबी पस्तीस किलोमीटरांहून अधिक आहे आणि दरवाजे बारा. इतक्या लांबीवर रात्रंदिवस पहारा ठेवणे कोणत्याही शिबंदीस जड जाणार. १५३१ साली गुजरातच्या बहादूरशाहाने मुद्दाम सर्वांत उंच कड्याची बाजू निवडली, कारण तेथून कोणी चढेल अशी कोणास शंकाच नव्हती. चारच वर्षांनी हुमायूनचे लोक रात्री शिड्या लावून आत उतरले आणि तोच बहादूरशाह दोरांच्या साहाय्याने कड्यावरून खाली उतरून निसटला. पाण्यासाठी जितका मोठा माथा हवा तितका तट लांब होतो, आणि जितका तट लांब तितका तो सांभाळणे कठीण. मांडवगडाची ही पेचाची गोष्ट होती.

मोगलांनी माळव्याचा कारभार उज्जैनीहून चालविला आणि गड हळूहळू ओस पडला. मराठ्यांचा येथील संबंध त्यानंतरचा. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने विंध्य चढून आमझेऱ्यास मोगल सुभेदार गिरधरबहादूर यास गाठले व तो लढाईत पडला. पुढे हा मुलूख पवारांकडे आला. त्यांनी गादी केली ती धारेस, मांडवगडास नव्हे. घोड्यावरून दौडणाऱ्या फौजांच्या त्या काळात त्यांस भरल्या तलावांची, सपाटीवरील धार सोयीची वाटली असल्यास नवल नाही. तरी अडचणीच्या वेळी गड आठवलाच. १८०७ साली आनंदराव पवार वारले तेव्हा त्यांच्या पत्नी मैनाबाई गरोदर होत्या. भाऊबंदकीच्या कारस्थानांपासून जीव वाचविण्यासाठी त्या मांडवगडावर जाऊन राहिल्या आणि तेथेच त्यांस मुलगा झाला, असे माल्कमने नमूद केले आहे. पडक्या राजधानीतील त्या बाळंतिणीस पाणी कोणत्या बावडीचे मिळाले असेल, असा विचार गडावर फिरताना आमच्या मनात अनेकदा येतो. पवारांच्या काळातील चतुर्भुज रामाचे देऊळ गावात आहे. त्याचे दर्शन घ्यावे. धार संस्थानने पुढे ह्या इमारतींच्या डागडुजीकडे व अभ्यासाकडेही लक्ष दिले. हैदराबादच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम यझदानी यांचे मांडवगडावरील इंग्रजी पुस्तक १९२९ साली निघाले. खोलात जाऊ इच्छिणाऱ्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे.

नीलकंठ मात्र सकाळी किंवा अगदी उतरत्या उन्हात पाहावा, कारण पायऱ्या पुष्कळ उतराव्या लागतात आणि तेवढ्याच चढाव्या लागतात. दरीच्या तोंडाशी ही लहानशी इमारत आहे. अकबराचा सुभेदार शाह बुदाग खान याने १५७४ मध्ये ती विश्रांतीसाठी बांधली, आणि आज तेथे महादेवाची पूजा चालते. भिंतीवर अकबराच्या दख्खनच्या स्वारीचे फारसी लेख आणि गाभाऱ्यात शिवलिंग, असा हा संगम आहे. अंगणात दगडात कोरलेला वेटोळ्यांचा पाट आहे, जहाजमहालाच्या गच्चीवर पाहिला त्याचाच भाऊ. मुलांबरोबर जाणाऱ्यांनी एक वही व पेन्सिल न्यावी. ह्या अंगणाच्या ओट्यावर सावलीत बसवून पाटाची सर्व वळणे कागदावर काढावयास सांगावे. पाणी कोठून आत येते व कोठून बाहेर पडते तेथे बाण करावयास सांगावे. अर्धा तास सहज जातो. वर चढण्यापूर्वी प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली पाहून घ्यावी. ती भरून आणण्याचे काम सकाळी गावातच उरकलेले बरे.